लँग्वेज लेव्हल ३ आणि सायथॉन ३: आकडा एक, गोष्टी दोन

पायथनच्या लायब्ररीतील कंपाइल केलेली एक्स्टेन्शन्स सायथॉन (पायथनसारखा कोड सी भाषेत बदलणारा कंपायलर) ०.२९ वरून सायथॉन ३ वर न्यायची म्हटले, की ‘आमच्या फाइल्स केव्हाच लेव्हल ३ वर आहेत’ असे कोणीतरी निर्धास्तपणे सांगतो. ते खरे असले, तरी त्यातून निम्मेच काम झालेले असते.

लँग्वेज लेव्हल हा फाइलच्या सुरुवातीला कॉमेंटमध्ये किंवा बिल्ड स्क्रिप्टमध्ये द्यायचा निर्देश असून, त्या फाइलमधला कोड पायथन २ च्या नियमांनी वाचायचा की ३ च्या, एवढेच त्यावरून ठरते. दोन सी पूर्णांकांचा ७ / २ हा भागाकार लेव्हल २ मध्ये ३ येतो, तर लेव्हल ३ मध्ये ३.५. हे उत्तर पूर्णांक म्हणून घोषित केलेल्या चलात ठेवू गेल्यास कंपायलर तिथेच अडवतो. चलाला प्रकारच दिलेला नसेल, तर मात्र बदल गुपचूप पुढे सरकतो.

सायथॉन ३ ही कंपायलरचीच आवृत्ती आहे. ३.०.० जुलै २०२३ मध्ये आली, आणि तिच्यावर गेल्यानंतर लेव्हल २ ची फाइलसुद्धा नव्या कंपायलरच्या हाताखालून जाते. निर्देश न दिल्यास ०.२९ लेव्हल २ धरत असे आणि सायथॉन ३ पायथन ३ चे नियम धरते. त्यामुळे निर्देश नसलेल्या फाइल्समध्ये दोन्ही बदल एकाच दिवशी अंगावर येतात, आणि मोडले ते कशामुळे, हे उमगत नाही.

आवृत्तीबरोबर येणारा सर्वांत मोठा बदल अपवादांचा (एक्सेप्शन, म्हणजे कोड चालताना उठणाऱ्या चुकांचा) आहे. पूर्णांक परत करणाऱ्या, सीडेफने (सी पातळीवरचे फंक्शन घोषित करणाऱ्या शब्दाने) घोषित केलेल्या फंक्शनमध्ये व्हॅल्यूएरर (चुकीच्या मूल्याचा अपवाद) उठला आणि अपवाद कसा कळवायचा हे सांगणारे ‘एक्सेप्ट’ लिहिलेले नसेल, तर ०.२९ मध्ये स्क्रीनवर इशारा छापून ० परत जाई. सायथॉन ३ तो अपवाद कॉल करणाऱ्यापर्यंत पोहोचवते. त्यामुळे एखादी चाचणी नव्याने फसली, तर दोष बहुधा जुनाच असतो, फक्त तो आता दिसू लागलेला असतो. याची किंमतही आहे: जीआयएलशिवाय (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणाऱ्या कुलपाशिवाय) चालणाऱ्या, काहीच परत न करणाऱ्या फंक्शनच्या प्रत्येक कॉलनंतर अपवाद तपासण्यासाठी जीआयएल घ्यावा लागतो, आणि आतल्या लूपमध्ये हा वेळ जाणवतो. क्यूसॉर्टला (सी भाषेतील क्रम लावणाऱ्या फंक्शनला) दिलेले तुलना-फंक्शन तर ‘नोएक्सेप्ट’ (अपवाद बाहेर पोहोचवायचा नाही, असे सांगणारा शब्द) लिहिल्याशिवाय कंपाइलच होत नाही.

जुने वर्तन सरसकट परत आणणारा निर्देश उपलब्ध आहे. तो संपूर्ण लायब्ररीवर लावणे मला पटत नाही, कारण त्याने वर दिसू लागलेले दोष पुन्हा झाकले जातात. आधी ०.२९ वरच प्रत्येक फाइलची लेव्हल स्पष्ट लिहून चाचण्या चालवाव्यात आणि कंपायलर त्यानंतरच बदलावा. ‘नोएक्सेप्ट’ हा शब्द ०.२९.३१ पासून जुना कंपायलरही खपवून घेतो, त्यामुळे तोही या पहिल्याच टप्प्यात लिहून टाकता येतो.