आपत्कालीन विभाग बंद होणे : शेजारच्या रुग्णालयांवरील परिणाम

रुग्णालयाचा अपघात व तातडीचा विभाग (बोलीत ‘कॅज्युल्टी’) कायमचा किंवा काही काळ बंद झाला, की तिथले रुग्ण आसपासच्या रुग्णालयांकडे वळतात आणि तेथील खाटा, मनुष्यबळ व उपचारांवर ताण येतो.

या ताणामुळे मृत्यू वाढतात का, याबाबत मतभेद आहेत. कॅलिफोर्नियातील १९९९ ते २०१० या काळातील रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) बंद विभागांच्या आसपासच्या रुग्णालयांत दाखल झालेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे ५ टक्के, तर हृदयविकाराच्या झटक्यात सुमारे १५ टक्के अधिक आढळली. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ दरम्यान बंद झालेल्या किंवा दर्जा घटवलेल्या पाच विभागांच्या अभ्यासात (शेफील्ड विद्यापीठ, २०१८) मात्र अशा वाढीचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. पहिल्या अभ्यासात शेजारच्या रुग्णालयांत दाखल झालेले सगळेच मोजले, दुसऱ्यात बंद विभागांच्या परिसरातील रहिवासी. त्यामुळे हे निष्कर्ष एकमेकांना खोडतातच असे नाही. प्रस्तुत विषयाला पहिला अधिक जवळचा आहे.

खानदेशात विभागाला रीतसर कुलूप क्वचितच लागते. भूलतज्ज्ञ रजेवर असला किंवा व्हेंटिलेटर रिकामा नसला, की केसपेपरवर ‘पुढील उपचारासाठी रेफर’ असा शेरा पडतो. परिणाम बंद विभागासारखाच. मण्यार चावलेल्याला ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष मिळते, पण श्वास मंदावू लागला की अक्कलकुवा-धडगावकडून नंदुरबार, तिथे न जमल्यास धुळे गाठावे लागते. मोठ्या रुग्णालयात खाट नसली, की रुग्ण रुग्णवाहिकेच्याच ट्रॉलीवर राहतो. मग ती १०८ दारातच अडकते आणि तिच्या मूळ तालुक्यात पुढचा कॉल आला तर गाडी लांबून मागवावी लागते. जखमीवर तातडीचे उपचार करणे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (१९८९) स्पष्ट केले असल्याने शेजारच्या रुग्णालयाला हा लोंढा दारातूनच परतवता येत नाही.

२०२० साली जळगावचे ‘सिव्हिल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) करोनासाठी राखून ठेवले गेले, तेव्हा इतर रुग्णांची सोय भुसावळ रस्त्यावरील खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करण्यात आली. आधी जाहीर करून, दुसरी जागा ठरवून केलेला हा बदल असल्याने अचानक पडणाऱ्या बंदशी त्याची तुलना जपूनच करावी.

सीमाभागात ओघ जिल्ह्याची हद्द पाळत नाही: नवापूरचे रुग्ण व्यारा-सुरतेकडे जातात, बुऱ्हाणपूरकडील काही जळगावला येतात.