अक्षर दिसतं, मग अडतं कुठे?

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकतानाच येणारी अडचण, असलेलं मूल ओळ सोडून वाचतं, आत्ताच वाचलेला शब्द दोन ओळींनंतर पुन्हा नव्याने लावत बसतं. पाहणाऱ्याला वाटतं, नजरेतच काही गडबड असणार. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची नोंद केली, तेव्हा त्यांनीही याला ‘शब्दांधळेपण’च म्हटलं होतं. पुढे संशोधन वाढलं, तसा संशय डोळ्यांवरून उडाला आणि शब्दांतल्या ध्वनींवर आला; मेंदूचं काम टिपता येऊ लागल्यावर त्याला आधारही मिळाला.

लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. त्यामुळे वाचनाचं तयार केंद्र घेऊन कुणीच जन्माला येत नाही. नजरेचे आणि भाषेचे भाग शिकता शिकता एकमेकांशी जोडले जातात, बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला. मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात मुलाला दोन छापील शब्द दाखवून ‘यमक जुळतं का?’ असं विचारतात. शब्द दिसायला वेगळे असले, तर उत्तर मनातल्या मनात उच्चार करूनच द्यावं लागतं. नेमक्या याच वेळी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या मेंदूच्या भागातली हालचाल कमी दिसते. अक्षराला ध्वनी चिकटवण्याचं काम तिथलं. शब्द पाहताक्षणी ओळखणारा, त्याच्या खालचा भागही मंदच असतो. २०११ च्या एका अभ्यासात वाचनात मागे पडलेल्या मुलांचा बुद्ध्यंक जास्त असो वा कमी, चित्र जवळपास सारखंच निघालं. ‘हुशार आहे, म्हणजे आळसच करतो’ हा लाडका निष्कर्ष तिथेच निकालात निघावा.

अर्थात हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एकट्या मुलाचा स्कॅन काढून निदान करून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवावेत. निदान वाचन-लेखनाच्या चाचण्यांवरूनच होतं.

हा नमुना कायमचा कोरलेलाही नसतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डिस्लेक्सिया असलेल्या आठ मुलांकडून ध्वनी आणि अक्षरं जुळवण्याचा सुमारे ८० तास कसून सराव करून घेतला. त्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूतल्या चुंबकीय लहरी मोजल्या. आधी जवळपास गप्प असलेला डावा भाग सरावानंतर कामाला लागला, वाचनही सुधारलं. फक्त तिथली हालचाल शिगेला पोचायला इतर मुलांपेक्षा उशीर लागत होता. मूल नीट वाचू लागल्यावरही परीक्षेत जादा वेळ मागतं, तेव्हा त्याला सवलतखोर ठरवण्याआधी हा उशीर लक्षात घ्यायला हवा.