बाय-अ‍ॅम्पिंगमध्ये वेगवेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचं गेन जुळवणं

एकाच स्पीकरच्या वूफरला (बास वाजवणारा भाग) एक अ‍ॅम्प आणि ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा भाग) दुसरा, याला बाय-अ‍ॅम्पिंग म्हणतात. दोन्ही अ‍ॅम्प एकाच मॉडेलचे असले तर जुळवायचं फारसं काही उरत नाही, पण बासला ट्रान्झिस्टर आणि वरच्या सुरांना व्हॉल्व्ह अशी आवडीची जोडी लावली की जुळवणी करावीच लागते.

बाय-अ‍ॅम्पिंगच्या दोन पद्धती आहेत, आणि खरं बाय-अ‍ॅम्पिंग कशाला म्हणायचं यावर मतभेद आहेत. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत क्रॉसओव्हर, म्हणजे बास आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट, अ‍ॅम्पच्या आधी येतो, आणि घरगुती हाय-फायसाठी असे वेगळे इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर, उदा. मॅरँट्झ मॉडेल ३, साधारण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विकत मिळत होते. पुढे १९७६ मध्ये झीगफ्रीड लिंकविट्झ यांचा अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हरवरचा शोधनिबंध आला आणि लिंकविट्झ-रायली हे क्रॉसओव्हरच्या एका प्रकाराचं नाव रूढ झालं. पॅसिव्ह पद्धतीत स्पीकरमधला क्रॉसओव्हर आहे तसाच राहतो, फक्त मागच्या टर्मिनलच्या दोन जोड्यांना दोन अ‍ॅम्प जोडतात. काही जण हिला खरं बाय-अ‍ॅम्पिंग मानतच नाहीत, तर काहींच्या मते करंट वाटला गेल्यामुळे थोडा फायदा होतोच. यातलं पहिलं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण पॅसिव्हमध्ये दोन्ही अ‍ॅम्पना पूर्ण सिग्नल जातो, त्यामुळे ट्वीटरच्या अ‍ॅम्पलाही बासचा सगळा व्होल्टेज काढावा लागतो, करंट मात्र जवळजवळ नसतो. ८ ओहमवर १०० वॉटचा अ‍ॅम्प २८ व्होल्टपर्यंत जातो, १० वॉटचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ९ च्या आसपास थांबतो, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याची जोरदार थाप आली की क्लिप होतो (मर्यादा संपून आवाज फाटतो) तो ट्वीटरचा अ‍ॅम्प. अ‍ॅक्टिव्हमध्ये ही अडचण येत नाही, तिथे वर छोटा अ‍ॅम्प खुशाल चालतो. मिरवणुकीतले साउंडवाले बास आणि टॉपला वेगळे अ‍ॅम्प लावतात ते याच पद्धतीने.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे वॉट जुळवायचे. वॉट नाही, गेन जुळवायचा. वॉट म्हणजे अ‍ॅम्प जास्तीत जास्त किती देऊ शकतो, आणि गेन म्हणजे आत आलेला व्होल्टेज तो किती पट करून बाहेर देतो. २० पट म्हणजे २६ डेसिबल, २८ पट म्हणजे २९. एक अ‍ॅम्प २६ चा आणि दुसरा २९ चा असेल तर ट्वीटर ३ डेसिबल वर किंवा खाली जातो आणि गायकाचा आवाज एकतर चिरका नाहीतर दबलेला लागतो, हे कोणालाही ऐकू येतं.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो, पण स्वस्त मीटर काहीशे हर्ट्झच्या वर चुकीचं रीडिंग देऊ शकतो म्हणून १०० हर्ट्झचा टोन लावावा, स्पीकर काढून त्याजागी पुरेशा वॉटेजचा ८ ओहमचा रेझिस्टर ठेवावा आणि प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्यूम न हलवता दोन्ही अ‍ॅम्पचा एसी व्होल्टेज पाहावा. एकाला २.०० आणि दुसऱ्याला २.५२ आला तर फरक २ डेसिबलचा. रेझिस्टर गाळू नये: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा आतला रोध) २ ओहम असेल तर ८ ओहमच्या लोडवर, म्हणजे जोडलेल्या स्पीकरवर किंवा रेझिस्टरवर, त्याचा आवाज जवळपास २ डेसिबल उतरतो, शिवाय अशा अ‍ॅम्पला लोडशिवाय सिग्नल देणं धोक्याचं. मग ज्याचा गेन जास्त आहे त्याचा लेव्हल नॉब कमी करायचा, नॉब नसेल तर इनपुटच्या वायरमध्ये सिग्नल कमी करणारं दोन रेझिस्टरचं अ‍ॅटेन्युएटर बसवायचं, डावी-उजवी दोन्ही बाजूंना सारखंच.

काही अ‍ॅम्प सिग्नल उलटा करतात, गेन तंतोतंत जुळूनही क्रॉसओव्हरच्या आसपास आवाज पोकळ लागला तर त्या एका अ‍ॅम्पच्या स्पीकरकडे जाणाऱ्या प्लस-मायनस वायर अदलाबदल करून पाहाव्यात.

जोडणी करण्याआधी स्पीकरच्या टर्मिनलच्या दोन जोड्या एकमेकींना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढणं सक्तीचं आहे, प्लसची आणि मायनसची दोन्ही. त्या राहिल्या तर दोन अ‍ॅम्पचे आउटपुट थेट एकमेकांना भिडतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. ब्रिज आउटपुटच्या (प्लस आणि मायनस दोन्हींवर सिग्नल देणाऱ्या) क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये तर मायनस हा ग्राउंड नसतोच, तिथे मायनसची एक पट्टी विसरली तरी तेवढाच धोका.