ग्रीसमधला एरंडाचा धागा

बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायचे, हे गावाकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. लाकडी आसाच्या जागी बेअरिंग आलं, वंगणाच्या जागी डब्यातलं ग्रीस आलं. एरंड मात्र हटला नाही. आज सर्वाधिक खपणाऱ्या लिथियम ग्रीसला घट्टपणा देणारा पदार्थ बहुतेक वेळा एरंडेलातूनच तयार होतो, आणि एरंडाच्या उत्पादनात भारत, त्यातही गुजरात, जगात सगळ्यात पुढे आहे.

ग्रीस म्हणजे घट्ट झालेलं तेल, असा आपला समज असतो. खरं तर ते साबणाच्या जाळीत अडकवलेलं तेल आहे. शंभर किलो ग्रीसमध्ये साबण असतो आठ-दहा किलो, बाकी जवळजवळ सगळं तेलच. सुक्ष्मदर्शकाखाली, तोही इलेक्ट्रॉनचा, हा साबण पीळ दिलेल्या बारीक तंतूंसारखा दिसतो. स्पंजात पाणी राहावं तसं तेल त्या तंतूंच्या मधे राहतं.

एरंडेलात 85 ते 90 टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. अठरा कार्बनच्या त्याच्या साखळीत बाराव्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. शेंगदाणा, करडई, सोयाबीन यांच्या तेलात ती नसते. या जोडीमुळे शेजारशेजारचे साबणाचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि तंतू मजबूत होतात. एरंडेलाला हायड्रोजन देऊन आणि मग त्यातलं आम्ल वेगळं करून मेणासारखे पांढरे कण मिळतात. कारखानदार त्याला ‘12-एचएसए’ म्हणतात.

एक टनाची केटल डोळ्यासमोर आणा. छोट्या कारखान्याचा सगळा जीव या भांड्यात असतो. आधी थोडंच बेस ऑइल, म्हणजे ज्याचं ग्रीस करायचं ते मूळ तेल, घ्यायचं, त्यात 80 किलो 12-एचएसए वितळवायचं. मग पाण्यात विरघळवलेलं लिथियम हायड्रॉक्साइड सावकाश सोडायचं. हिशेब सरळ आहे: 100 किलो आम्लाला साधारण 14 किलो, म्हणजे इथे 11 किलोच्या आसपास. हे क्षार कातडी आणि डोळे जाळतं, त्यामुळे हातमोजे-चष्मा काढून चालत नाही. साबण होताना पाणी उकळून फेस वर येतो. म्हणून केटल काठोकाठ भरलेली नसते आणि घाई करणाऱ्याच्या अंगावर गरम तेल येतं. पाणी पूर्ण उडाल्यावर तापमान 200 अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायचं, म्हणजे साबण तेलात वितळतो. इतक्या तापलेल्या तेलाखाली उघडी भट्टी ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. थर्मिक फ्लुइडवर, म्हणजे उष्णता वाहून आणणाऱ्या द्रवावर, तापणारं दुहेरी भिंतीचं भांडं महाग पडतं, पण तिथे काटकसर करू नये.

यानंतर येतं ते थंड करणं, आणि माझ्या मते ग्रीस बनतं ते इथेच. उरलेलं तेल कसं आणि किती वेगाने ओतलं, यावर तंतूंची लांबी ठरते. झटकन गार केलं तर तंतू आखूड होतात, सावकाश केलं तर लांब. एकाच मापाच्या मालातून दोन वेगळी ग्रीस निघू शकतात ती यामुळेच. पुढे मिलमधून दाबून काढलं की गुठळ्या मोडतात, पोत एकजीव होतो.

घट्टपणा बोटाने नाही, शंकूने मोजतात. ग्रीस 60 वेळा घुसळून, 25 अंशांना ठेवून, ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद त्यात बसू द्यायचा. तो 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतला तर घट्टपणाच्या श्रेणीत ते ग्रीस ‘2 नंबर’. डब्याच्या निळ्या-लाल रंगाचा याच्याशी काही संबंध नाही, रंग हा बाहेरून घातलेला असतो.

लिथियमऐवजी चुना वापरून केलेलं चुन्याचं ग्रीस स्वस्त आणि करायला सोपं. पाण्याला ते चांगलं टिकतं, पण त्याच्या जुन्या प्रकाराच्या जाळीत थोडं पाणीच बांधलेलं असतं. म्हणून त्याचा भरवसा साधारण 60 अंशांपर्यंत. त्यापुढे पाणी उडालं की साबण आणि तेल वेगळे होतात. शेतातल्या संथ अवजाराला चालेल, गाडीच्या चाकाच्या बेअरिंगला नको.

छोट्या कारखान्यात सर्वात मोठा मोह असतो तो जळक्या इंजिन ऑइलचा. त्यात काजळी, धातूचा चुरा आणि आम्लं असतात, नुसत्या गाळण्याने ती जात नाहीत. गंधकाम्ल आणि माती वापरून ते साफ करण्याची जुनी रीत आहे, पण मागे आम्लाचा विषारी गाळ राहतो. असं तेल भरलेलं ग्रीस घेणारा शेतकरी पंपाचं बेअरिंग गमावतो आणि त्याला कारण कळतच नाही. याचा मला मनापासून राग येतो.

नव्या डब्यावर तेलाचा पातळ थर दिसला तर डबा फेकू नका. थोडं थोडं तेल बाहेर सोडणं हेच ग्रीसचं काम, बेअरिंगमध्ये वंगण होतं ते त्याच तेलाने. सळईने ढवळून ते परत मिसळून घ्या. मात्र डब्यात बोटभर तेल साचलेलं असेल, तर केटलमध्ये जाळी नीट विणली गेली नाही, असं समजून तो डबा दुकानदाराला परत करा.