वाळवी ओळखायची तर सैनिक शोधा

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरात चौकटीवर मातीची नळी दिसली, की पहिला फोन पेस्ट कंट्रोलवाल्याला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, फोन करण्याआधी ती नळी बोटभर फोडा आणि तिथेच बघत बसा. जमिनीखालच्या वाळवीच्या अनेक जाती आहेत. कोणती कुठे घर करते, त्यावर औषध कुठे घालायचं हे ठरतं.

नळी फोडली की पांढुरके कामकरी किडे आत पळतात. लाकूड फस्त करतात ते हेच, पण त्यांच्यावरून जात कळत नाही, सगळे जवळपास सारखेच दिसतात. जरा थांबा. भगदाडाशी पिवळसर-तपकिरी डोक्याचे सैनिक येतात. खरी ओळख त्यांच्या डोक्याची आणि जबड्यांची. दोन-तीन सैनिक चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा.

डाव्या जबड्याच्या आतल्या कडेला ठळक दात असेल, तर ती ओडोन्टोटर्मिस गटातली. ही जमिनीत बुरशीची शेती करते; पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. हिचं घर मातीतच असतं, म्हणून जमिनीत भोकं पाडून दिलेलं औषध इथे योग्य.

जबडे बारीक, वाकडे, बिनदाताचे. डोकं पुढे निमुळतं. आणि डिवचल्यावर कपाळावरच्या छिद्रातून पांढरा चिकट थेंब बाहेर येतो? मग ती कॉप्टोटर्मिस. इमारतींना मला हिचीच धास्ती जास्त वाटते. मोरीची गळती किंवा झिरपणारं छत असं ओल टिकवणारं काही मिळालं, तर जमिनीशी संबंध न ठेवताही ही वरच्या मजल्यावर वस्ती करू शकते. तिथे खाली कितीही औषध ओतलं तरी वरची वस्ती शाबूत राहते. आधी गळती बंद करायला हवी.

लांबट, आयताकृती डोक्याची हेटेरोटर्मिस इंडिकोला हीसुद्धा लाकूडकामाची शत्रू.

मातीची नळी कुठेच नाही, पण चौकटीखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडलेत, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला मातीची गरजच नसते, त्यामुळे फरशीला भोकं पाडू देऊ नका.

जुन्या सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. म्हणून तपासणी सुरू करा ती नंतर बसवलेल्या प्लायवूडपासून आणि मोरीला लागून असलेल्या भिंतीपासून.