हलणारा माड आणि चालणारा माणूस: 'एआय कॅमेऱ्या'मागचा इतिहास

गोव्यात एखाद्या देवळातली फंडपेटी फोडली गेली की दुसऱ्या दिवशीचे चित्र ठरलेले असते. समितीचे पदाधिकारी, पोलीस आणि दोन-चार महाजन डीव्हीआरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासमोर, उभे राहून चित्रण मागे-पुढे करतात आणि तोंड झाकलेला माणूस आदल्या रात्री कुंपणावरून उतरताना बघतात. चित्रण झालेले असते, पण त्या वेळी ते कोणी बघत नव्हते. म्हणूनच आता देवस्थाने, गृहनिर्माण संस्था आणि दुकानदार 'एआय कॅमेऱ्यां'ची चौकशी करू लागले आहेत. विक्रेत्याच्या पत्रकातला शब्द नवा असला तरी त्यामागचे काम बरेच जुने आहे. ते समजून घेतल्याशिवाय देवस्थानचा पैसा त्यावर घालू नये, असे मला मनापासून वाटते.

तारेने जोडलेला कॅमेरा आणि दूरवरचा पडदा ही जोडी १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे वापरली गेली. व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने ती व्यवस्था उभी केली होती. तिथे पडद्यासमोर माणूस होताच, त्याला फक्त धोक्यापासून लांब ठेवायचे होते. पुढे व्हिडिओ टेप आली, चित्रण साठवता येऊ लागले आणि पडद्यासमोरचा माणूस हळूहळू उठून गेला. १९९६ मध्ये अ‍ॅक्सिस या स्वीडिश कंपनीने थेट नेटवर्कला जोडायचा कॅमेरा बाजारात आणला. त्यानंतर कॅमेरे वाढतच गेले. एका इमारतीत १६ कॅमेरे असतील तर दिवसाला ३८४ तासांचे चित्रण जमते. ते कोण बघणार?

बघायला माणूस बसवला तरी प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतल्या सॅन्डिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९९ मध्ये शाळांच्या सुरक्षेसाठी एक मार्गदर्शिका तयार केली. पडद्यावर सतत नजर ठेवणाऱ्या बहुतेकांचे लक्ष अवघ्या २० मिनिटांत कामाला पुरणार नाही इतके ढळते, असे तिच्यात स्पष्ट नोंदवले आहे. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला झोपाळू म्हणून बोल लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोष त्याच्या निष्ठेचा नाही, त्याला दिलेल्या कामाचा आहे.

मग यंत्रानेच का बघू नये? पहिला उपाय सरळ होता. आत्ताच्या चित्रातून मघाचे चित्र वजा करायचे आणि चित्र ज्यांनी बनते ते पुरेसे ठिपके (पिक्सेल) बदललेले दिसले की घंटा वाजवायची. बँकेच्या बंद तिजोरीखोलीत हे चालते. अंगणात नाही. ढगाची सावली सरकली, गाडीचा दिवा भिंतीवरून फिरला, माडाचे झाप वाऱ्याने हलले की घंटा वाजतेच. आषाढातल्या गोव्यात अशी घंटा रात्रभर थांबणार नाही.

हा पेच १९९९ सालीच एका सुंदर कल्पनेने बराचसा सुटला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला एकच 'नेहमीचा' रंग न देता तीन ते पाच रंग दिले. झापाआडून आकाश दिसते अशा जागी ठिपका कधी हिरवा असतो, कधी करडा. दोन्ही रंग पुन्हा पुन्हा येतात, म्हणून दोन्ही पार्श्वभूमीचेच. तिथून माणूस गेला तर यांपैकी कशाशीच न जुळणारा रंग उमटतो आणि तेवढाच भाग वेगळा काढता येतो. शिवाय हे नेहमीचे रंग सावकाश बदलत राहतात, त्यामुळे संध्याकाळचा उतरता उजेडही पचतो. याच गुणाची दुसरी बाजू मात्र विक्रेते सांगत नाहीत. एखादी पिशवी किंवा निश्चल बसलेला माणूस बराच वेळ तिथेच राहिला, तर तोही पार्श्वभूमीत मुरून जातो.

त्याच सुमारास, १९९७ पासून, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि सार्नोफ ही संशोधन कंपनी यांच्याकडून एक प्रकल्प करून घेतला. एका माणसाला अनेक कॅमेऱ्यांच्या मदतीने मोठा परिसर सांभाळता यावा, हा त्याचा हेतू. यंत्राने निवड करावी आणि निर्णय माणसाने घ्यावा, ही मांडणी तिथे स्पष्ट दिसते.

काहीतरी हलले हे कळू लागले, पण कुत्रा, गाय की माणूस हे कळत नव्हते. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी चित्रातला चेहरा झटपट शोधण्याची पद्धत दिली, २००५ मध्ये दलाल आणि ट्रिग्ज यांनी उभ्या माणसाची आकृती ओळखण्याची. २०१२ साली अ‍ॅलेक्सनेट या उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना मोठ्या फरकाने मागे टाकले. २०१५ मध्ये योलो आले. चित्र एकदाच पाहून त्यातल्या प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखणारी ही पद्धत सेकंदाला ४५ चित्रे हाताळू शकत होती. आजचा 'एआय कॅमेरा' याच वाटेने आला. आखलेली रेषा ओलांडली, बंदी असलेल्या जागेत कोणी शिरले, कोणी उगाच घुटमळले, असे नियम त्याच्यावर बसवता येतात.

तरीही गोव्याची हवा आपला वाटा मागतेच. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याजवळ रात्री किडे जमतात, त्यांच्या मागे कोळी येतो आणि भिंगासमोरचे जाळे पांढरेशुभ्र झळकते. किनाऱ्यालगत काचेवर खारटपणा साचतो. रात्रीत पाच-दहा खोट्या सूचना आल्या की समितीचे चिटणीस मोबाईल मुका करून झोपणार, आणि तसे झाले की साऱ्या खर्चावर पाणी. म्हणून प्रात्यक्षिक एप्रिलच्या दुपारी बघून चालत नाही, जुलैच्या रात्रीच मागावे.

गोव्यातही हे तंत्र आता अनोळखी नाही. २०२३ मध्ये पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना टिपणारी यंत्रणा सुरू झाली. किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक पुरवणाऱ्या दृष्टी मरीनने २०२३ मध्येच 'ट्रायटन' ही यंत्रणा आणली. पोहण्यास मनाई असलेल्या पट्ट्यात कोणी उतरले तर ती जवळच्या जीवरक्षकाला कळवते. मला हा वापर सर्वांत पटतो, कारण सूचना मिळताच धावणारा माणूस तिथे आधीपासून आहे.

चेहरा ओळखण्याची जोड मात्र देवळाला किंवा सोसायटीला लागत नाही, असे माझे मत आहे. २०१८ च्या 'जेंडर शेड्स' अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ठरवणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत त्यांची चूक ०.८ टक्क्यापर्यंत होती, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. कॅमेरा कुठे रोखला आहे हाही लहान प्रश्न नाही. एप्रिल २०१५ मध्ये कांदोळीतल्या एका कपड्यांच्या दुकानातला कॅमेरा कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने असल्याचे तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांच्या लक्षात आले, त्यावरून तक्रार झाली, आणि देशभर गदारोळ उठला. त्यानंतर दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला.

पुराव्याची बाजूही बदलली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही फेरफार झाला तर बदलणारी तिची सांकेतिक खूण, नोंदवावे लागते. त्यामुळे सूचना देणारे सॉफ्टवेअर घेताना मूळ चित्रण किती दिवस राहते आणि त्याची प्रत कशी काढून मिळते, हे करारातच लिहून घ्यावे.