अंगावरचे दूध, कायद्याच्या कलमात

मे २००९. अमेरिकेच्या मेन राज्यातील बँगर शहरात, संघीय न्यायालयात, कॅमेरूनहून आलेली एक गरोदर स्त्री उभी होती. गुन्हा बनावट कागदपत्रांचा. ११४ दिवस तुरुंगात काढून झाले होते आणि तेवढे पुरेत, यावर सरकारी वकील व बचाव पक्ष दोघेही राजी होते. न्यायाधीशांनी मात्र २३८ दिवस ठोठावले. तिला एचआयव्ही होता. बाळंतपणापर्यंत आतच राहिली तर औषधे चुकणार नाहीत आणि बाळाला लागण होणार नाही, असा त्यांचा हिशेब. जूनमध्ये तिला जामीन मिळाला. हेतू चांगला होता, हे मान्य. पण औषधासाठी कोठडी, ही युक्ती कुणाच्या बाबतीत सुचते?

या युक्तीमागे वीस वर्षांची वहिवाट होती. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या आयोगाने राज्यांना एचआयव्हीसंबंधी फौजदारी कायदे करायला सुचवले. एचआयव्हीबाधितांच्या उपचारासाठी राज्यांना पैसा देणाऱ्या १९९०च्या रायन व्हाइट कायद्याने तर त्या मदतनिधीलाच अट घातली: जाणूनबुजून लागण पसरवू पाहणाऱ्यावर खटला भरता आला पाहिजे. त्यात नावे होती रक्त, वीर्य आणि अंगावरचे दूध यांची. कलमात शब्द ‘दान’ होता खरा, स्वतःच्या बाळाला पाजणे नव्हे, पण दूध गुन्ह्याच्या यादीत जाऊन बसले. अट २००० साली काढून टाकली गेली. राज्यांचे कायदे राहिले.

कृष्णवर्णीय आईवर संशय घ्यायला तर एचआयव्हीही लागत नव्हता. साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या सरकारी रुग्णालयात १९८९पासून गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासून निकाल पोलिसांच्या हाती दिला जाई. अटक झालेल्या ३० जणींपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. संमतीविना अशी तपासणी घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २००१मध्ये.

वैद्यक केव्हाच पुढे गेले होते. १९९४च्या चाचणीत एझेडटी या औषधाने आईकडून बाळाला होणारी लागण सुमारे २५ टक्क्यांवरून ८वर आणली. आज नियमित औषधे घेऊन विषाणू दाबून ठेवलेल्या आईने अंगावर पाजले, तरी धोका १ टक्क्याहून कमी असतो. तरीही अमेरिकेतील डॉक्टर वर्षानुवर्षे वरच्या दुधावरच अडून राहिले. ‘मी पाजणार’ म्हणणाऱ्या आईला मूल काढून घेतले जाण्याची धास्ती असे. अखेर जानेवारी २०२३मध्ये संघीय मार्गदर्शक सूचना बदलल्या. निर्णय आईशी बोलून घ्यावा, असे त्या सांगतात. आणि ती पाजते एवढ्यावरून बालकल्याण खात्याला बोलावू नये, हेही त्यांत वेगळे लिहावे लागले.